चिरा ताणता येत नाही

"तुमच्या दुकानात माणसं आडवी ओढतात का हो?"

चिपळूणला खोली शोधत फिरत होते तेव्हा एका घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. जात नाही, गाव नाही, लग्न झालंय का नाही, मासे खाता का नाही, काही नाही. मी फ्लेक्स छापायच्या दुकानात डिझाइन करते एवढं ऐकल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि थेट हेच विचारलं. मला वाटलं, म्हातारा सटकलेला दिसतोय. मी म्हटलं, "गिऱ्हाईक सांगेल तसं करतो." यावर ते म्हणाले, "खोली वरची आहे. पाणी सकाळी येतं. आणि या घरात राहून कोणाचंही माणूस आडवं ओढायचं नाही."

अशी मला खोली मिळाली. पूर ओसरून तीन-चार महिने झाले होते. बाजारपेठेत गाळाचा वास अजून होता आणि लोक भिंती खरवडून चुना मारत होते. आमच्या घराचा खालचा मजला पार माळ्यापर्यंत बुडालेला. भिंतीवर पुराची तपकिरी रेघ होती आणि घरमालक, म्हणजे आमचे काका, ती पुसू देत नव्हते. एक दिवस मी कारण विचारलं. त्यांनी माझ्या हातात टेप दिली आणि एका कोपऱ्यात उभं केलं. जमिनीपासून रेघेपर्यंत माप. मग समोरच्या कोपऱ्यात माप. अंगठाभर फरक निघाला.

"बघितलंस? पाणी तेवढं खरं लेव्हलमध्ये असतं. गवंड्याने या बाजूला जमीन उतरवली आहे. घर बांधलं तेव्हापासून मला संशय होता."

घरातलं कपाट, गाद्या, देव, भांडीकुंडी सगळं त्या पाण्यात गेलं होतं आणि हा माणूस टेप गुंडाळत खूश होता. मला हसावं का रडावं कळेना. मी वर जाऊन चहा केला.

काका अलोऱ्याच्या वसाहतीत, वीजप्रकल्पाच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. सगळी नोकरी टेबलावर वाकून रेघा मारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर चिपळूणला हे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं घर बांधलं. मूलबाळ नव्हतं. काकू पूर आला त्याच वर्षी, शिमग्याच्या थोड्या आधी आजारपणात गेल्या. मी काकूंना कधीच पाहिलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ज्या कामात काकांनी मला जवळ बसवलं त्यात माझा काडीचा उपयोग नव्हता.

काकांच्या शर्टाच्या खिशात हिरव्या प्लास्टिकची एक पट्टी असायची, लहानमोठी गोल भोकं पाडलेली. वर्तुळं काढायची, ड्रॉइंग ऑफिसातली. बँकेत पासबुक भरायला गेले की काउंटरच्या आत मान घालून ते आधी मॉनिटर बघायचे. रुंद मॉनिटर कुणीतरी जुन्या चौकोनी मॉनिटरच्या सेटिंगवर ठेवलेला असायचा आणि त्यावरची सगळी अक्षरं पाटावर मांडी घालून बसल्यासारखी दिसायची. काका पट्टी काचेला लावून आतल्या बाईंना दाखवायचे की हे वर्तुळ म्हणजे वर्तुळ नव्हे, अंडं आहे. बाई म्हणायच्या, "काका, मागे लाइन आहे." काका म्हणायचे, "एक मिनिट लागेल. रिझोल्यूशन बदला." दवाखान्यातही तेच. टीव्हीवर बातम्या देणारी बाई रुंद दिसत होती म्हणून यांनी कंपाउंडरकडे रिमोट मागितला. बाजूचा पेशंट म्हणाला, "काका, बातम्या ऐका ना. बाईला कशाला बघताय?"

"ती मूळची बारीक आहे," काका म्हणाले. अख्खा दवाखाना हसला. ते हसले नाहीत. रिमोट मिळाला नाही तेव्हा ते नंबर सोडून घरी आले आणि ताप अंगावर काढला.

माझी तर रोजच तपासणी व्हायची. "नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा डावीकडून तिसरा कार्यकर्ता तू ओढलायस." ओढला होताच. मी म्हणायचे, "जागा भरायची होती, काका."

"मग जागेला फुलं लाव, किनार लाव. माणूस कशाला वापरतेस भरायला?"

मला त्यांचा राग यायचा. अर्धं गाव अजून फरशीवर झोपत होतं, लोकांचे धंदे बुडाले होते आणि यांना कार्यकर्त्याच्या गालांची पडलेली. दुरुस्त करण्यासारखं घरात काही उरलं नाही की माणूस गावभर सेटिंगं दुरुस्त करत फिरतो, असं मी तेव्हा दुकानात बोलून दाखवायचे. त्यात फार काही चूक होतं असं अजूनही वाटत नाही.

काकांच्या पुतण्याने आणलेला काकूंचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मात्र ही सगळी फिरफिर कुठून आली ते मला समजलं.

काकांनी आयुष्यभर काकूंचे फोटो काढू दिले नव्हते, आणि काढलेले ठेवले नव्हते. फोटोवाले जवळ येऊन काढतात, नाक मोठं येतं. खालून काढतात, हनुवटी येते. पुतण्याच्या लग्नातल्या मोठ्या ग्रुप फोटोत काकू अगदी कडेला उभ्या होत्या. रुंद लेन्समध्ये कडेची माणसं सुजतात. काकांनी कात्री घेतली आणि ती कड कापून टाकली. ही गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्यांना त्याचा अभिमान होता.

त्यांच्या पसंतीला उतरलेला फोटो एकच होता, वसाहतीजवळच्या एका स्टुडिओत काढलेला. समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून, योग्य अंतरावरून. तोच अल्बममध्ये पहिल्या पानावर होता. काकू गेल्या तेव्हा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला पुतण्याने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला. कुठल्या तरी दुकानात कुणीतरी तो रुंद फ्लेक्सवर बसवताना माउसने धरून आडवा ओढला. कोणतं दुकान ते पुतण्यालाही आठवत नव्हतं. तेव्हा काका शुद्धीत असल्यासारखे नव्हते. फ्लेक्स नाक्यावर लागला, उतरला, कुणाच्या तरी गोठ्यावर गेला. अल्बम घरात सुरक्षित होता म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग पूर आला आणि अल्बमचा लगदा झाला. पुतण्याचा जुना मोबाइल काकांच्याच कपाटात पडून होता, तोही बुडाला. नातेवाइकांच्या ग्रुपवर इकडून तिकडे फिरून बारीक झालेली त्या फ्लेक्सची एक प्रत तेवढी उरली.

म्हणजे जगात काकूंचा एक फोटो होता. तो आडवा ओढलेला होता आणि किती ओढला ते कोणालाच माहीत नव्हतं.

आधारकार्डावरचा होता की, असं मी म्हटलं. त्यांनी दाखवला. आजारपणातल्या गोळ्यांनी चेहरा एवढा सुजलेला की डोळे बारीक झालेले. "हिच्यावरून माप घेऊ?" त्यांनी विचारलं. मी कार्ड परत दिलं.

त्यांना एकच हवं होतं. वर्षश्राद्धाला खुर्चीवर ठेवायला आणि मग भिंतीवर लावायला काकूंचा खरा चेहरा.

मी एकदा सहज म्हणाले, की मोठा मॉनिटर आणला तर फोटो मोठा आणि स्पष्ट दिसेल का? त्यांनी मला बाहेर नेऊन घराच्या उघड्या भिंतीसमोर उभं केलं.

"हे चिरे बघ. समज, हे शंभर चिरे आहेत. हेच शंभर कुणी बारके बारके घडवले तर? भिंत होईल, पण कोंबड्यांच्या खुराड्याएवढी. पिक्सेल म्हणजे चिरा. रिझोल्यूशन वाढलं म्हणजे तेवढ्याच पडद्यात चिरे जास्त बसवले, म्हणजे एकेक चिरा बारीक झाला. तुझ्या फोटोत चिरे आहेत तेवढेच राहणार. नव्या पडद्यावर फोटो उलट लहान दिसेल."

"मग ताणायचा."

"चिरा ताणता येत नाही गो. ताणलेला दिसतो तेव्हा मधे कुणीतरी अंदाजाने लिंपलेलं असतं."

एवढं सगळं माहीत असलेला हा माणूस पुढच्याच आठवड्यात रिक्षातून भला मोठा नवा मॉनिटर घेऊन आला. दुकानदाराने म्हणे सांगितलं, यावर केसन्‌केस दिसतो. मी खोक्याचा पुठ्ठा कापला, वायर जोडली. काकांनी फोटो उघडला. त्या लांबरुंद काळ्या पडद्याच्या मधोमध काकू काडेपेटीएवढ्या दिसल्या. काका खुर्ची पुढे ओढून अगदी नाक काचेला लागेपर्यंत वाकले. मग त्यांनी फोटो मोठा केला. काकूंचा गाल चौकोन चौकोन होऊन फुटला. पुन्हा लहान केला.

"एवढा मोठा पडदा आणला," ते म्हणाले, "आणि ती एवढीशी झाली."

ज्याला सगळं ठाऊक आहे त्याने आशा केली की त्याची समजूत कशाने घालायची, हे मला अजून कळलेलं नाही. मॉनिटर खोक्यात गेला. भंगारवाल्याकडून त्यांनी जुना चौकोनी डबा मॉनिटर मिळवला. त्याचा चिरा मोठा होता. त्यावर काकू तळहाताएवढ्या दिसायच्या. रुंद, पण तळहाताएवढ्या.

मग ओढलेला फोटो पूर्ववत करण्याचं काम सुरू झालं. संध्याकाळी मी दुकानातून आले की ते हाक मारायचे. आधी त्यांनी ठरावीक प्रमाणं लावून पाहिली. फोटोच्या कागदाचं प्रमाण, जुन्या मॉनिटरचं, रुंद मॉनिटरचं, मोबाइलचं. प्रत्येक वेळी एक बाई तयार व्हायची. एक तरतरीत, एक खाष्ट, एक थोडी आजारी. गंमत अशी की प्रत्येक बाई खरी वाटायची. बघून ओळखता येणार नाही, असं काका म्हणायचे. नजर म्हणजे माप नव्हे. फोटोत अशी एखादी वस्तू हवी की जिचा आकार पक्का माहीत आहे. ती वस्तू बरोबर केली की माणूस आपोआप बरोबर होईल. साडीच्या काठाचा उपयोग नव्हता. मंगळसूत्राच्या वाट्या पदराखाली होत्या. कानातलं एका बाजूने वळलेलं.

एक दिवस मी जिना चढत होते तर काका खालून ओरडले, "कुंकू! अगो, कुंकू गोल असतं!"

आम्ही कपाळ मोठं केलं. कपाळाच्या मधे लाल चौकोनांचा एक पुंजका दिसला. काकांनी पेन्सिलीच्या टोकाने काचेवर मोजले. आडवे बारा, उभे नऊ. कडेचे काही चौकोन ना धड कुंकवाचे ना धड कपाळाचे होते. ते धरायचे की सोडायचे यावर बराच खल झाला आणि शेवटी काकांनी ठरवलं ते धरलं. बाराला नऊ म्हणजे चाराला तीन. ते ताडकन उठले. जुन्या चौकोनी पडद्याचं चित्र रुंद पडद्यावर पसरलं की नेमकं एवढंच फुगतं, चारास तीन! बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे त्यांनी हीच चूक पकडली होती. फोटोतल्या कुंकवाने तीच सांगितली. दोन बाजूंनी हिशेब जुळला. त्यांनी आकडा टाकला, काकू आत ओढल्या गेल्या, कुंकू गोल झालं. हिरवी पट्टी लावून पाहिली. भोकात बरोबर बसलं.

मी विचारलं, "अंजनवेलच्या माईंना एकदा दाखवूया का?" माई म्हणजे काकूंची थोरली बहीण. त्यांच्याकडेही काकूंचा फोटो नव्हता, पण लहानपणापासूनची नजर होती.

"नजरेने मापं सांगणाऱ्यांचे बंधारे पहिल्या पाण्यात जातात," काका म्हणाले.

त्या दिवसांत ते माणसात आले होते. पुराची रेघ त्यांनी स्वतःहून पुसली, भिंतीला रंग काढला, खिळा कुठे मारायचा ते ओळंबा लावून ठरवलं. फोटो मी दुकानात चांगल्या कागदावर छापून आणला, तळहाताएवढाच. त्याहून मोठा केला असता तर चिरे दिसले असते. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मला म्हणाले, "ही बघ, ही होती." इतके दिवस त्या बाईला रोज बघत होते, आज कुणी ओळख करून दिल्यासारखं वाटलं.

वर्षश्राद्धाला पुतण्या मुंबईहून आला, आळीतली माणसं आली. पानं उठली. खुर्चीवर फोटो, त्याला बारीकसा हार. जो तो म्हणाला, काय सुंदर फोटो, अगदी बोलेल असा वाटतो. लोक हेच म्हणतात, त्याला काही अर्थ नसतो. काका मात्र प्रत्येकाला हात जोडत होते.

माई जेवण झाल्यावर फोटोसमोर येऊन बसल्या. गुडघे धरून बसायला त्यांना वेळ लागला. बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, "बाय, हा कधीचा गो फोटो?"

"स्टुडिओतला," मी म्हटलं.

"तो मी बघितलाय. तो ह्यो नाय. ही अशी पसरट नव्हती."

काका दारात होते. तिथूनच म्हणाले, "माई, माप घेऊन केलाय तो. कुंकवावरून. कुंकू बरोबर गोल आहे बघा."

माईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हां, गोलच हाय की," त्या म्हणाल्या. "पण ती गोल कुठं लावायची? ती उभट लावायची. जरा वर ओढलेलं. आमच्या आवशीचं होतं तसं. लग्नाच्या आधीपासनं." मग काकांकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाल्या, "भावोजी, तुमाला म्हाईत नाय?"

पुतण्या मांडवातल्या खुर्च्या मोजून देत होता, त्याचा आवाज येत होता. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण त्यांनी माईंना हात देऊन उठवलं, आतल्या खोलीत नेलं, संगणकासमोर बसवलं. मलाही बोलावलं. फोटो उघडला.

"किती उभट? सव्वापट? दीडपट?"

"आता कपाळावरचं कुंकू कोण मोजतो, भावोजी?"

"मी आत ओढत जातो. ती आली की सांगा."

ते फोटोची कड माउसने धरून हळूहळू आत सरकवू लागले. "आता?" "जरा अजून." "आता?" "अजून... नाय, गेली. मागं घ्या." "इथे?" "हितं हाय वाटतं. नाय, ही आमची मावशी दिसत्ये." माईंनी चष्मा पुसला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. माई प्रामाणिक होत्या. सुटका करून घ्यायला "हीच" म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या म्हणाल्या नाहीत. शेवटी त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला.

"मना नाय जमत. मना ती आठवतेय ती हसतानाची. हसताना माणूस वायलाच, निराळाच दिसतो. हितं ती हसत नाय."

पुतण्याने गाडी लावली तेव्हा माई निघाल्या. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "मी बोलायला नको होतं गो." मी त्यांना गाडीपर्यंत पोचवून आत आले. काका तसेच बसलेले. फोटोची कड अजून त्यांच्या हातात होती. काकू रुंद होत होत्या, बारीक होत होत्या, पुन्हा रुंद. मी म्हटलं, "काका, राहू दे आता." त्यांनी मान वर केली नाही.

"तुला कुठली वाटते?"

"मी त्यांना बघितलेलं नाही, काका."

"हां." त्यांनी कड आणखी थोडी सरकवली, थांबले, पुन्हा सरकवली. मग म्हणाले, "कुठंही थांबवलं तरी मला तीच वाटते गो. म्हणजे मी पण तिला बघितलेलं नाय."